स्वच्छ आतड्याचं दुखणं

लग्नाच्या जेवणात माझ्या शेजारची खुर्ची कधी रिकामी राहत नाही. "या आमच्या डॉक्टरमावशी, पोटाच्या स्पेशालिस्ट," अशी कुणीतरी ओळख करून देतं आणि लगेच एखादे गृहस्थ ताट घेऊन शेजारी येऊन बसतात. समोर जिलब्या वाढल्या जात असतात आणि ते मला सकाळी काय झालं, कितीदा झालं आणि कोणत्या रंगाचं झालं ते सांगत असतात. एकांनी तर मोबाइल काढून फोटोच दाखवला. हातातली बासुंदीची वाटी मी तशीच खाली ठेवली. हाडांच्या डॉक्टरांना लोक गुडघे दाखवतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना चष्मे दाखवतात. आमच्या नशिबी हे.

ठाण्यात खोपटला आमचं लहानसं हॉस्पिटल आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जी काही नळी देवाने माणसाला दिली आहे, तिची देखभाल करण्यात माझा जन्म गेला. आता निम्मी प्रॅक्टिस मी तरुण डॉक्टरांच्या हाती दिली आहे आणि उरलेली निम्मी सोडवत नाही. घरचे म्हणतात, आई, आता पुरे. मी म्हणते, बघू.

आपल्याकडे पोटाच्या कुठल्याही दुखण्याला एकच नाव असतं, गॅस. वर्तकनगरचे एक निवृत्त साहेब माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. त्यांचा गॅस खांद्यात चढतो, गुडघ्यात उतरतो, डाव्या कानामागे जाऊन बसतो. फक्त रविवारी तो सुट्टी घेतो, कारण रविवारी सूनबाई मटण करते. मी त्यांच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदयाच्या डॉक्टरांकडेही धाडलं. काही निघालं नाही. शेवटी मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला गॅस नाही, वेळ आहे." रागावले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आले.

दुसऱ्या एक डोंबिवलीच्या बाई. त्यांची कोलोनोस्कोपी करायची होती, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. त्यासाठी आतडं धुतल्यासारखं रिकामं लागतं. आदल्या दिवसापासून पातळ पदार्थांवर राहायचं, औषधाचं पाणी पिऊन सगळं काढून टाकायचं आणि उपाशी यायचं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "मग एकादशीलाच करूया ना डॉक्टर, तसाही माझा उपास असतो." मला कल्पना उत्तम वाटली. एकादशीला मी नळी आत घातली आणि पडद्यावर साबुदाण्याचे मोत्यासारखे दाणे. वर शेंगदाण्याचं कूट. शुद्धीवर आल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, पण काहीच खाल्लं नाही मी, फक्त खिचडी!" तेव्हापासून आमच्या सिस्टर प्रत्येक पेशंटला पढवतात, उपासाचंसुद्धा चालणार नाही, वरीचे तांदूळ नाहीत, रताळं नाही, काही म्हणजे काही नाही. आणि एकादशीला आम्ही कोलोनोस्कोपी ठेवतच नाही.

पण मला लिहायचं आहे ते रेश्माबद्दल, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा तिच्या सासूबद्दल.

रेश्मा पहिल्यांदा आली तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. माहेर डोंबिवलीचं, सासर ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. नवरा भूषण एका खासगी कंपनीत कामाला, आणि घरचा मासळीचा व्यवहार सासूच्या, मंदाबाईंच्या हातात. एक मुलगी, आर्वी, सिनिअर केजीतली. रेश्माला महिनाभर जुलाब होत होते आणि त्यातून रक्त जात होतं. घरी सगळ्यांनी मूळव्याध ठरवून कुणाकुणाचा पाला खाऊ घातला होता. तपासल्यावर निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस. या आजारात शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच मोठ्या आतड्यावर उलटते. आतड्याचं अस्तर सुजतं, सोलवटतं, त्याला जखमा होतात. आजार मुळापासून जात नाही, पण औषधांनी दबतो आणि नीट दबला तर माणूस चारचौघांसारखा जगतो.

त्या पहिल्या दिवशीच मंदाबाईंची एक सवय माझ्या लक्षात आली. मी प्रश्न रेश्माला विचारायचे आणि उत्तर त्या द्यायच्या. भूक लागते का? "लागतं तिला." झोप? "झोपतं बरी." रेश्मा तोंड उघडायची आणि मिटायची. बाई धिप्पाड, केसांत अबोलीचा वळेसर, आवाज मासळीबाजारात तयार झालेला. मी म्हटलं, "मंदाबाई, आजारी कोण आहे?" तर म्हणाल्या, "आजारी ती हाय, पन तिला सांगता येत नाय." रेश्मा माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात मला तिचं सगळं सासर दिसलं.

औषधं लागू पडली. रक्त थांबलं, वजन वाढलं. वर्षभराने पुन्हा आत बघितलं, तर आतडं असं गुलाबी आणि तुकतुकीत की विद्यार्थ्यांना दाखवावं. आमच्या धंद्यात याहून आनंदाची बातमी नसते. गुंगी उतरल्यावर मी स्वतः जाऊन तिला सांगितलं, "रेश्मा, आत सगळं स्वच्छ आहे. एकही जखम नाही."

ती रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने. म्हणाली, "मॅडम, मग मला दुखतं ते काय आहे? रोज दुखतं. खाल्लं की दुखतं, वाकलं की दुखतं. एखादी तरी जखम दाखवा ना मला. घरी दाखवता तरी येईल."

जखम नाही म्हणून रडणारी पेशंट मी तोवर पाहिली नव्हती. दुखणारे मात्र पुष्कळ पाहिले होते. सूज गेली, जखमा भरल्या, रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी पोट दुखत राहतं, असे लोक आमच्याकडे नेहमी येतात. माझ्या पिढीतल्या डॉक्टरांकडे त्यांच्यासाठी एक ठरलेलं वाक्य असायचं, "टेन्शन घेऊ नका." सांगायला सोपं, ऐकणाऱ्याला मात्र ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं. आज त्याची खंत वाटते, पण तेव्हा आम्हाला खरोखरच दुसरं काही माहीत नव्हतं.

आता थोडं थोडं कळू लागलं आहे. आतड्यात एन्झाइम नावाचे पाचक पदार्थ असतात. त्यातल्या काहींचं काम प्रथिनं कापण्याचं. मटण लवकर शिजावं म्हणून आपण त्याला कच्ची पपई लावतो, ती पपई हेच करते. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, तोही याच जातीच्या एन्झाइमचा प्रताप. आतड्यात हे एन्झाइम आपलं शरीर तयार करतं आणि तिथे राहणारे जिवाणूही तयार करतात. एरवी त्यांना आवर घालणारी व्यवस्था असते. आतड्याला सूज येण्याच्या आजारांत ती व्यवस्था बिघडते आणि ही कापाकापी जास्त होते. आतड्यात वेदनेच्या नसांची टोकं असतात आणि त्या टोकांवर, समजा, दारावरच्या बेलसारखी बटणं असतात. हे एन्झाइम ते बटण दाबतात. पुन्हा पुन्हा दाबून नस इतकी हळवी होते की एवढीशी हवा सरकली तरी ती किंचाळते. कॅमेऱ्याला अस्तर दिसतं. नस हळवी झाली आहे की नाही, हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

यातलं बरंचसं प्रयोगशाळेतलं आहे आणि उंदरांवर दिसलेलं माणसात तसंच्या तसं असेलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. या एन्झाइमना थेट आवर घालणारं, बाजारात मिळणारं औषधही मी ही ओळ लिहीपर्यंत तरी नाही. पण आतडं स्वच्छ असूनही दुखू शकतं, हे मात्र मी छातीठोकपणे सांगते. कुणी त्याला नाटक म्हणालं तर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

रेश्माला मी नसा शांत करणारी एक गोळी अगदी कमी मात्रेत दिली, खाण्यात थोडे बदल सांगितले आणि बजावलं की वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून आणून घ्यायच्या नाहीत, त्यांनी हा आजार उसळू शकतो. पुढच्या आठवड्यात भूषण एकटाच आला. चेहरा पडलेला.

"मॅडम, मी ती गोळी गूगल केलेली. डिप्रेशनची आहे ना ती?"

"मोठ्या मात्रेत डिप्रेशनला देतात. इतक्या कमी मात्रेत नसांसाठी देतात."

"ते ठीक आहे, पण आईला मी बोलून गेलो. आता आई बोलते, म्हणजे डॉक्टरीणपन बोलतात की हिच्या डोक्यातच हाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. मी त्याला पुन्हा सगळं समजावलं. त्याने मान डोलावली. पण ती मान आईसमोर कुठल्या दिशेला हलेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. घरी ती 'वेड्याची गोली' ठरली आणि बंद झाली. रिपोर्ट स्वच्छ, गोळी डोक्याची, मग पोटात काही नाही. मंदाबाईंचा हिशेब पक्का झाला.

पुढचं रेश्माने मला नंतर सांगितलं. दुखतं म्हणायची तिला चोरी झाली. पावसाळा संपून कोळंबी आली की मंदाबाईंच्या अंगणात सोडे घालायचं काम सुरू होतं. कोळंबी सोलायची, मीठ लावायचं आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळवायची. तासन् तास पाटावर वाकून बसायचं काम. रेश्मा मध्येच उठायची, आत जाऊन पोट धरून पडायची. शेजारणी बघायच्या. एकीने विचारलं, "काय गो, परत दिवस हायत का?" आणि सगळ्या हसल्या. मग रेश्माने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि पदराआड घ्यायला लागली. गोळी घेतली की चार तास कोळंबी सोलता यायची.

नवरात्रात ती पुन्हा आमच्याकडे दाखल झाली. टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीमुळे रस्ते बंद, रिक्षा मिळेना, भूषणने तिला जवळजवळ उचलून आणलं. रक्त जात होतं, ताप होता, ओठ पांढरे पडले होते. आतडं, जे मी विद्यार्थ्यांना दाखवावं म्हणाले होते, ते पुन्हा सोलवटून लाल झालं होतं. सलाइनमधून स्टिरॉइड सुरू केली. या औषधांनी आटोक्यात आलं नाही तर आतडं काढून टाकण्यापर्यंत वेळ येते, म्हणून सर्जनना सांगून ठेवलं होतं. दसऱ्यापर्यंत रक्त थांबलं आणि माझा जीव खाली पडला. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. इथे हत्ती आपणच दार उघडून आत घेतला होता.

घरी सोडायच्या दिवशी मंदाबाई माझ्या केबिनमध्ये आल्या. मागे भूषण, आणि त्याच्या मागे भिंतीला टेकून रेश्मा.

"बाय, तिला आता डोंबिवलीला धाडतो आमी. आयशीकडं र्‍हाऊन बरी होऊ दे. आमच्यानं नाय होत हे."

"किती दिवस?"

"बरी होईपर्यंत. पोटान दुखायचं बंद झालं की ये म्हनावं."

"आणि आर्वी?"

"पोरगी हितंच र्‍हाईल. तिची शाला हाय."

रेश्माने माझ्याकडे बघितलं. दुखायचं बंद झालं की ये. तिचं दुखणं कधी बंद होईल, हे मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. म्हणजे पोरगी परत कधी कुशीत येईल, हेही माहीत नव्हतं. भूषण जमिनीकडे बघत उभा. मला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली, पण डॉक्टरला ती सोय नसते.

मी मंदाबाईंना बसायला सांगितलं आणि एन्झाइमची गोष्ट सुरू केली. पपई सांगितली, अननस सांगितला. त्या ऐकत होत्या, पण ताटातली नावडती भाजी माणूस बाजूला सारतो तसं त्यांनी ते सगळं बाजूला सारलं. "अननस कोन खातंय आमच्याकडं? आमच्या टायमाला पोटान दुखलं तर ओवा चावला नि टोपली उचलली. नि आता जखम भरली ना परत? तुमीच सांगितलंत ना, भरत आली म्हनून?"

तेवढ्यात टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. बोटांची टोकं गुळगुळीत, लालसर, खोबरेल चोपडलेली. दोन बोटांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळलेल्या.

"बोटांना काय झालं?"

"काय नाय. कोलंबी सोलली. ती नव्हती ना बसायला, मी एकलीच व्हती."

"कापलंय कुठे?"

"नाय गो, कापतंय कशाला? रोजचा हात हाय माझा."

"दाखवा." मी चिंध्या सोडल्या. खरंच, कापल्याची खूण नव्हती, खरचटलेलं नव्हतं. मी चष्मा लावून एकेक बोट उजेडात धरून बघितलं. "मंदाबाई, इथे तर काहीच नाही. सगळं स्वच्छ आहे."

"नाय कसं? आग होतेय आग. मीठ लागलं की जीव जातो."

"मला तर दिसत नाही." मी स्पिरिटचा बोळा उचलला. "पुसून देऊ का जरा?"

बोळा टेबलाच्या अर्ध्यावरही पोचला नसेल, त्यांनी दोन्ही हात झटक्यात पदरात ओढून घेतले.

"दिसत नाय म्हंजे? मना लागतंय ना!"

मला जे सांगायचं होतं ते त्यांनीच सांगितलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग मी बोळा ठेवून दिला आणि हळू आवाजात म्हटलं, "कोळंबीचं डोकं आधी का काढता तुम्ही?"

"नाय काढलं तर कोलंबी मऊ पडतं. डोक्यातला रस तिलाच खातो."

"तोच रस तुमच्या बोटांना खातो. दिवसभर हात त्यात, म्हणून कातडी झिजते आणि आतली नस उघडी पडल्यासारखी होते. मग नुसतं मीठही आगीसारखं लागतं. हिच्या आतड्यात तसलेच रस जास्त झालेत, असं आता डॉक्टर म्हणायला लागलेत. वरून काही दिसत नाही. तुम्ही संध्याकाळी हात धुता, खोबरेल लावता, चार दिवस काम थांबवलं की बरं वाटतं. हिला आतडं बाहेर काढून धुता येत नाही."

मंदाबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग मान न वळवता सुनेला म्हणाल्या, "असं व्हतं तुला? पोटान?"

"हो आई."

"रोज?"

"रोज."

"नि तरी तू सोलाया बसलीस माझ्याबरोबर?"

भूषण रडत होता, हे मी बघितलं नाही असं दाखवलं. मंदाबाई उठल्या, चिंध्या गोळा केल्या आणि मुलाला म्हणाल्या, "रिक्षा बघ. घरचीच बघ. डोंबिवलीची नको." आणि दारातून मागे वळून मला, "ती गोली परत लिहून द्या. वेड्याची नाय ना, नसांची हाय ना? असं आदी सांगायचं."

आधीही सांगितलंच होतं मी. पण काही भांडणं जिंकलेली असतानाच सोडून द्यावीत.

या वर्षी पेपरांत आणि मोबाइलवर मी या एन्झाइमबद्दल बरंच वाचते. कुठे कुठल्या जिवाणूचं नाव येतं, कुठे नवीन औषधाच्या चाचण्यांची बातमी येते. आमच्या तरुण डॉक्टरांना मी सांगते, तुमच्या हयातीत याचं औषध येईल, मला खात्री आहे. तोवर रिपोर्ट स्वच्छ आला की पेशंटला सांगताना पुढचं वाक्यही तिथेच सांगायचं, नातेवाइकांसमोर, मोठ्याने: आत स्वच्छ आहे, आणि तरीही दुखू शकतं, आणि दुखलं तर ते खरं असतं. आमच्याकडे आता हा नियमच झाला आहे. त्याला फार तर एक मिनिट जादा लागतं.

रेश्माचं दुखणं पुष्कळ कमी झालं आहे, संपलेलं नाही. काही दिवस बरे जातात, काही वाईट. सोड्यांचं काम ती उंच टेबलावर उभं राहून करते, तेही जमेल तेवढंच. दुखायला लागलं की आत जाऊन पडते आणि शेजारणींपैकी कुणी तोंड वेडंवाकडं केलं तर मंदाबाई त्या शेजारणीच्याच बोटांना मीठ चोळायची तयारी दाखवतात, असं भूषण सांगतो.

मागच्या महिन्यात दोघी तपासणीला आल्या होत्या. मंदाबाईंनी माझ्यासाठी सोड्यांची पुडी आणली होती. आतडं स्वच्छ आहे, रक्ताच्या तपासण्या चांगल्या आहेत. मी कागद बाजूला ठेवले आणि रेश्माला विचारलं, "आता कसं आहे? दुखतं का?"

रेश्माने तोंड उघडलं. पण सवय ती सवय.

"दुखतं तिला," मंदाबाई म्हणाल्या.

रेश्माने तोंड मिटलं, खुर्चीला मागे टेकली आणि सासूला बोलू दिलं.